फुगडीच्या बाई

विज्ञान शिकवता शिकवता पदर खोचून वर्गातच फुगडी घालणारी बाई शिराळ्याने दुसरी पाहिली नसेल. नागपंचमी तोंडावर आली होती, आम्हा मुलींचं फळ्याकडे लक्ष नव्हतं. बाईंनी माझे हात धरले, भोवंड येईपर्यंत मला गरगर फिरवलं आणि विचारलं, "समजा अंधारात मी दिसतच नाही, ही एकटीच अशी फिरताना दिसतेय. काय म्हणाल?"

"भूत लागलंय म्हणू की!" मागून कुणीतरी म्हणालं.

सगळ्यांत जास्त बाईच हसल्या. "अगं, कुणीतरी हात धरलेत म्हणायचं!"

ते सत्तरीचं दशक होतं. न दिसणाऱ्या जोडीदाराभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांचा शोध नुकता लागत होता, आणि बाईंना त्याचं वेड होतं. जोडीतला थोरला तारा आधी जळून फुटतो. उरतो तो इवलासा, भयंकर जड न्यूट्रॉन तारा. त्याहून जड असेल तर कृष्णविवर, त्यातून उजेडही बाहेर पडत नाही. "बऱ्याच जोड्या त्या स्फोटातच तुटतात गं. एखादीच टिकते." मग तो उरलेला गोळा जोडीदारणीचा वायू ओढत राहतो. आत पडताना वायू इतका तापतो, की त्यातून क्ष-किरण निघतात, आणि हवेच्या वर पाठवलेल्या यंत्रांना ते दिसतात. "म्हणजे जळताना दिसतं ते तिचंच," बाई म्हणायच्या.

मधल्या सुट्टीची घंटा झाली की खडू टाकून त्या घराकडे पळायच्या. यजमान एकाहत्तरच्या लढाईत पाय गमावून आले होते. आम्ही वह्या पोहोचवायला गेलो की आतल्या खोलीतून आवाज यायचा, "आलीस व्हय? कवाचा वरडतोय!" त्यांना मी कधीच पाहिलं नाही.

त्या ताऱ्यांच्याच संशोधनासाठी बाईंना पुण्यात जागा मिळाली, तेव्हा आम्ही पेढे मागितले.

"फुगडीत मधेच हात सोडला तर काय होतं गं?" त्यांनी मलाच विचारलं.

"दोघीबी आपटत्यात, बाई."

"मग?" म्हणून त्या फळा पुसू लागल्या. मला त्या आतल्या खोलीचा इतका राग आला!

पुढच्याच वर्षी यजमान गेले. आम्हाला वाटलं, सुटल्या बाई. त्या शाळेत आल्या, मधल्या सुट्टीची घंटा झाली, आणि खडू टाकून त्या लगबगीने फाटकापर्यंत गेल्या. तिथे थबकल्या. मी मागोमाग गेले.

"आवं बाई, आता जावा की पुण्याला."

"जाईन गं," फाटकाची कडी धरून त्या म्हणाल्या, "आधी भोवंड तर थांबू दे."

पुढे माझी भाची त्यांच्या वर्गात होती. ती सांगायची, बाई रोज मधल्या सुट्टीत फाटकापर्यंत जातात आणि परत येतात.