पेंढ्याचं रेडकू

“नाकाला पटलं की डोळे गप्प बसतात.” टाकेमामांचं हे वाक्य आमच्याकडे पोराटोरांनाही पाठ होतं. मामा पोती शिवायचे, ताडपत्र्या शिवायचे, फाटलेली खोगिरं शिवायचे, म्हणून टाकेमामा. पण त्यांचं खरं कसब कामी यायचं ते एखाद्या म्हशीचं रेडकू दगावलं की. पिल्लू गेलं की म्हैस पान्हा चोरते, सडाला हात लावू देत नाही. मग मामांना बोलावणं जायचं. मेलेल्या रेडकाचं कातडं मीठ लावून वाळवायचं, आत पेंढा ठासून शिवायचं आणि म्हशीपुढे उभं करायचं. म्हैस हुंगते, चाटते आणि पान्हवते. त्या रेडकाला मामा डोळे कधी बसवत नसत. का, असं विचारलं की ते वाक्य यायचं.

काम झालं की मामा तिथे थांबत नसत. दाभण पिशवीत टाकून वाटेला लागायचे. धार बघायला थांबणं त्यांना कमीपणाचं वाटे. शिंप्याने लग्नात जाऊन आपणच शिवलेला सदरा न्याहाळत बसावं, तसं.

त्यांचा एकुलता एक मुलगा ट्रक चालवायचा. घाटातल्या वळणावर ट्रक दरीत गेला. मामींनी अन्न सोडलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. एका संध्याकाळी गारठा पडला म्हणून मामांनी खुंटीवरचा मुलाचा निळा स्वेटर अंगात घातला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. मामी उठून बसल्या.

“आलास? बस, वाढते,” त्या म्हणाल्या. आणि त्याच्याबरोबर स्वतःही चार घास खाल्ले.

तेव्हापासून दिवे लागले की मामा स्वेटर घालायचे. मामी त्या स्वेटरशी बोलायच्या. “बाबांना सांग, गुडघा दुखतो तर एवढं हिंडू नका म्हणावं. माझं ऐकतायत थोडेच!” मामा मान खाली घालून म्हणायचे, “सांगतो.” मामी जगल्या. पण ज्या घरात मुलगा रोज जेवायला येतो, त्या घरात बापाने रडायचं कुठे? मामा पोती शिवताना रडत असतील, तर ते पोत्यांनाच ठाऊक. हे सगळं त्यांनी मला फार उशिरा सांगितलं, तेही दाभणात सुतळी ओवता ओवता, माझ्याकडे न बघता.

दूध संकलन केंद्रात एक टीव्ही होता. माप होईपर्यंत लोक जे लागलं असेल ते बघत बसत. त्या दिवशी हत्ती लागले होते. कळपातली म्हातारी हत्तीण मेलेली, तिची हाडं उन्हात पडलेली, आणि बाकीचे हत्ती ती सोंडेने हळूच उलथून बघत होते.

“हत्ती शोक करतायत म्हणे!” माप घेणारा हसला. “अहो, मागून ते रडकं संगीत लावतात ना, ते बंद करा. मग बघू कुणाला गहिवर येतो ते.”

“कर की बंद,” म्हशीवाली काकू म्हणाली. “तुला कुणी धरलंय?”

त्याने आवाज बंद केला. हत्ती तसेच उभे. एक पिल्लू हाडावर पाय ठेवायचं आणि चटका बसल्यासारखा काढून घ्यायचं. केंद्रात कॅनचं झाकणसुद्धा कुणी वाजवेना.

माप घेणारा जरा वरमला. “मामा, तुम्हीच सांगा. तुमच्या पेंढ्याला चाटतात त्या म्हशी. त्यांना कसलं आलंय दुःख?”

“नाकाला पटलं की...”

“काही पटत नाही, मामा,” काकूने मध्येच तोडलं. तिच्या म्हशीला मामांनी नुकतंच रेडकू करून दिलं होतं. “तुम्ही देता आणि निघून जाता. मागे मी असते. धार झाली की ती त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. खऱ्याला ज्या फाटकातून नेलं, तिकडे तोंड करून हंबरते. मेलंय ते, तिला पक्कं ठाऊक आहे.”

“मग चाटते कशाला?” मामांनी विचारलं.

“पान्हा दाटलाय. त्याचं काय करील बिचारी?”

मामा पिशवी उचलून निघाले. संध्याकाळी काकूच्या गोठ्यावर गेले आणि जन्मात पहिल्यांदा धार संपेपर्यंत थांबले. म्हशीने पेंढ्याचं रेडकू मानेपासून शेपटापर्यंत चाटलं. काकूने बादली उचलली तशी ती वळली, फाटकाकडे तोंड केलं आणि हंबरली.

मामा घरी आले. स्वेटर घातला. ताटावर बसले, पण हात उचलेना.

“तुला ठाऊक आहे का गं?” त्यांनी विचारलं.

मामींचा वाढता हात थांबला. “न ठाऊक असायला काय झालं? त्याचे हात लांब होते. तुम्हाला बाह्या दुमडाव्या लागतात.”

“कधीपासून?”

“पहिल्या घासापासून. तो कधी असा सावकाश जेवला होता का?”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्हीच रोज घालून यायचात. मला वाटलं, तुम्हाला बरं वाटतंय. तेवढं कशाला हिरावून घ्यायचं?”

मामांनी स्वेटर काढला आणि दोघांच्या मध्ये ठेवला. त्या घरातला मुलगा खरा गेला तो त्या संध्याकाळी. रडणं ऐकून शेजारीण हातातलं काम टाकून धावत आली. “अगं बाई, कोण गेलं?” तिने दारातूनच विचारलं. ताटं तशीच निवली.

सकाळी मी केंद्रावर कॅन उतरवत होतो. मामा घाटाच्या रस्त्याला लागलेले दिसले. त्या वळणावर ते तोवर कधीच गेले नव्हते. गारठा होता आणि अंगात नुसता सदरा.

“मामा, एवढ्या सकाळी कुठे?”

“पोराकडे जाऊन येतो,” ते म्हणाले. “हिला चढण झेपायची नाही.”

एका पायावर जोर देत, गुडघा सांभाळत ते चालत राहिले. केंद्रासमोरच्या त्यांच्या दारात मामी उभ्या होत्या. निळा स्वेटर त्यांनी स्वतःच्या खांद्यांवर घेतला होता. मामा टेकाडाआड गेले, रस्ता रिकामा झाला. माझे सगळे कॅन उतरवून झाले, तरी मामी तिकडेच तोंड करून उभ्या होत्या.