रंगुबाई नावाचं फंक्शन

कुतुबुद्दीन अत्तार यांना तासगावात कुणी प्रोग्रामर म्हणत नाही. 'कॉम्प्युटरवाले कुतुबभाई' म्हणतात आणि पंखा दुरुस्त करायलाही बोलावतात. ते जातात, आणि पंखा कायमचा थांबवून येतात. बेदाण्याच्या शीतगृहाचं वजनाचं सॉफ्टवेअर मात्र त्यांनी वीस वर्षं एकट्यानं चालवलं.

नावं ठेवण्यात हा माणूस आळशी. घरातल्या तिन्ही मांजरांचं नाव 'मांजर'. डेटाबेसमध्ये फंक्शन म्हणजे बसवून ठेवलेला हिशेब. नावानं हाक मारायची, आकडे द्यायचे, उत्तर घ्यायचं. क्रेटचं वजन किती वजा धरायचं, हे त्यांना बेदाणा सुकवायच्या शेडवर काम करणाऱ्या रंगुबाईंनी शिकवलं होतं. म्हणून त्या फंक्शनचं नाव त्यांनी 'रंगुबाई' ठेवलं.

यंदा शिरवळच्या कारखान्यातली नोकरी सोडून प्रियदर्शनी त्यांच्या हाताखाली आली. ते नाव वाचून आधी हसली, मग चिडली. शीतगृहाला बेदाण्यातला ओलावाही हिशेबात हवा होता. तिनं वजन, क्रेट आणि ओलावा असे तीन आकडे घेणारं 'निव्वळ वजन' हे नवं फंक्शन लिहिलं, आणि जुनं संध्याकाळी पुसून टाकलं.

दुसऱ्या दिवशी बाजारात बेदाण्याचे सौदे होते. सकाळी नऊला शीतगृहाच्या कॉम्प्युटरला जोडलेल्या सव्वीस शेडवरच्या वजनकाट्यांनी रंगुबाईला हाक मारली आणि कुणीच ओ दिली नाही. वजनाची चिठ्ठी बंद. चिठ्ठीशिवाय माल अकराच्या सौद्याला लागत नाही. नाथाजी नावाच्या शेडवाल्याकडे तर एकानं खऱ्या रंगुबाईंनाच काट्यापाशी आणून बसवलं. त्यांनीही काट्याला दोन थापट्या मारून पाहिल्या.

प्रियदर्शनी हटून बसली. तिचं म्हणणं, चुकीचं नाव किती दिवस पोसायचं, शेडवाल्यांनी काट्यातलं नाव बदलावं. कुतुबभाई रागावले नाहीत. चहा ओतत त्यांनी विचारलं, "तुज्या आईचं लग्नात नाव बदललं का गं?"

"हो. शालूची संयोगिता झाली."

"मग मामा आला की काय म्हणून हाक मारतो?"

"शालूच."

"आणि आई काय, ह्या नावाचं हितं कुणी न्हाई म्हणती व्हय?"

तिनं खुर्ची ओढली आणि रंगुबाईला पुन्हा उभं केलं. आता ही रंगुबाई स्वतः हिशेब करत नव्हती. आलेले दोन आकडे घ्यायचे, ओलाव्याच्या जागी ठरलेला आकडा घालायचा, आणि काम 'निव्वळ वजन'कडे सोपवायचं. सव्वादहाला पहिली चिठ्ठी निघाली. नाथाजींचा ट्रॅक्टर अकराला पाच मिनिटं कमी असताना बाजारात शिरला.

आता जुन्या नावानं कोण हाक मारतंय याची यादी प्रियदर्शनी रोज पाहते. एकेका शेडवर स्वतः जाऊन काट्यातलं नाव बदलते. कुतुबभाई वाट दाखवायला तिच्या गाडीवर मागे बसतात आणि हमखास चुकीच्या बांधावर नेतात. सव्वीसातले तीनच काटे राहिलेत. त्यातले नाथाजी तेवढे ऐकत नाहीत. काटा चालतोय न्हवं, म्हणतात, आणि तिच्या पुढ्यात बेदाण्याची मूठ ठेवतात.