मोरचुदातले पाणी

जगातली कुठलीही वस्तू बघून 'यात पाणी किती?' असा प्रश्न पडणारा माणूस घाटनांदुरात एकच आहे, आणि तो आमच्या भिंतीला भिंत लावून राहतो. हे सर कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतात. बाजारात मेथी घेताना आधी जोरात झटकणार, मग तोलायला लावणार. भाजीवाल्या मावशी एकदा म्हणाल्या, "सर, पाण्याचे पैसे न्हाईत, राहू द्या की." माझ्या पत्नीने गच्चीवर पापड घातले, तर हे काटा घेऊन हजर. "उचलू नका वहिनी. दुपारचं अन् आत्ताचं वजन एक न्हाई. पाणी हाय अजून." दोनदा तेच वजन आल्याशिवाय वाळले म्हणायचे नाही, हा त्यांचा धर्म. मी हिशेबी माणूस, मला पटायचे. पत्नीला पापड उचलायचे असायचे.

गेल्या हिवाळ्यात तालुक्याच्या विज्ञान स्पर्धेत मोरचुदात पाणी किती टक्के, हे काढायचे होते. निळे खडे मुशीत तापवले की पाणी उडून पांढरी भुकटी उरते. वजनात पडलेली घट म्हणजे पाणी. पुस्तकात उत्तर छत्तीस टक्के. सगळ्या मुलांनी छत्तीस लिहिले, सरांच्या बाकीच्या पाच विद्यार्थ्यांनीही. आमच्या मुलीने लिहिले चाळीस. परीक्षकांनी लाल पेन उचलले आणि तिचा चेहरा उतरला.

"पुन्हा तापवलं होतंस?" सरांनी तिला विचारले.

"तीनदा, सर. शेवटची दोन्ही वजनं सारखी आली."

सर परीक्षकांकडे वळले. "मग खोडू नका. पुस्तक लिहिणाऱ्यानं तुमची ही खड्यांची बरणी बघितली न्हाई. तुमीच तापवून बघा."

परीक्षकांनी चिडूनच पाच ग्रॅम खडे तापवले. तीन ग्रॅम उरले. पुन्हा तापवले, तरी तीनच. दोन ग्रॅम पाणी, म्हणजे चाळीस टक्के. बरणीचे झाकण फुटलेले होते आणि आतले खडे दमट. मग त्यांनी बाकीच्या मुशी बघितल्या, तर काही अजून निळ्याच होत्या. पाणी मुशीत आणि छत्तीस कागदावर. पहिला नंबर आमच्या मुलीचा जाहीर झाला, तेव्हा हात लाल होईपर्यंत मी टाळ्या वाजवल्या.

परतताना जीपमध्ये मी पेढे काढले. सरांनी एक घेतला, पण खाल्ला नाही.

"निळी मूस पुढं ठेवून छत्तीस लिहिणारे बी माझेच हायेत," ते म्हणाले. "का म्हून लिहिलं असंल?"

"छत्तीसलाच मार्क मिळतात, सर."

"अन् वर्गात मार्क देतं कोण? मीच की."

पेढा त्यांनी घरापर्यंत तसाच हातात धरून नेला.