वाजवून घेतलेली निळी काच

इरा, कबीर, तुमच्या दगड घोळवून गुळगुळीत करायच्या यंत्रासाठी आजोबांच्या भट्टीची निळी काच हवी होती ना? आजोबा गेले, भट्टीही बंद पडली, तरी ती शोधायला मी परवा दुपारी निघाले. पिशवीत जाड हातमोजे, लोहचुंबक आणि पाण्याची बाटली. रिक्षा नेहमीच्या सलीमभाईंची.

नागापूरला आजोबांच्या फाउंड्रीच्या फाटकाला गंजलेलं कुलूप होतं. लोखंड वितळलं की त्याची मळी वर तरंगायची. ती ओतून दिली की निवून काच व्हायची. इथे तिला स्लॅग म्हणतात. बहुतेक काळी-हिरवी, क्वचित निळी.

"सगळा स्लॅग मागच्या दगडखाणीत पडलाय," समोरचा पानवाला म्हणाला. "आजच बघून घ्या. रस्त्याच्या भरावाला चाललाय. उद्या डंपर उरलेला नेतील."

"कचऱ्यासाठी रिक्षा थांबवणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघतोय," असं म्हणत सलीमभाई खाणीच्या तोंडाशी थांबले.

मी खाली उतरले. वारा पडला होता. खाण काळ्या पाण्यासारखी चमकत होती, पण पाऊल टाकलं की करकरायची. चुंबकाला चिकटेल ते लोखंड, ते बाजूला. उरलेला तुकडा हातमोजा काढून आजोबांच्या अंगठीने वाजवायचा. ही त्यांचीच रीत. दोनदा टकटक, थांबून आणखी एकदा. खणखणीत वाजला तर अखंड. बद्द वाजला तर आत तडा, यंत्रात फुटणार. घरातले कप, माठसुद्धा ते असेच वाजवून घेत. इथला एकेक तुकडा बद्द वाजत होता, आणि निळा एकही नव्हता.

काठावर एक बाई शेरडं (शेळ्या) चारत होती. "बाई, दिस बुडायच्या आत वर या," ती ओरडली.

"का हो? साप आहेत?"

"साप परवडला. सांजंला हितं कोनतरी वाजवून बगतंय. लई दिसांपास्नं."

"दिवसभर तापलेली काच निवताना तडकते. तो आवाज असणार."

"आसंल. पर तडकायचं तर कसंबी तडकंल. ह्ये मोजून वाजतंय."

ऊन खाणीच्या कडेमागे गेलं. शेरडांनी चरणं थांबवलं. सगळ्यांचे कान एकाच बाजूला.

टिण् टिण्. मग शांत. मग एकच, टिण्.

माझा हात हवेतच राहिला. त्याच बाजूचा थर खळखळत घसरला आणि खालून निळा तुकडा उघडा पडला, मुठीएवढा. उचलला तर कोमट होता. वाजवून बघायचं धाडस झालं नाही.

"गावला न्हवं?" बाई म्हणाली. "तुमच्यासाटीच धरून ठिवला हुता म्हना की."

"कोणी?"

"मला काय ठावं? तुमचं कोन हुतं हितं?" तिने शेरडं हाकली आणि मागे न बघता निघून गेली.

रिक्षात पिशवी मांडीवर घेतली. तुकडा एक आणि नातवंडं दोन, तुमचं भांडण मला आत्ताच ऐकू येत होतं. तेवढ्यात पिशवीतून आवाज आला, टिण्.

"मोबाईल वाजला का, मावशी?" सलीमभाईंनी आरशात पाहिलं.

"नाही," मी म्हणाले.

घरी येऊन पिशवी उघडली. तुकड्याचे दोन सारखे भाग झाले होते. काच निवली, आतला ताण सुटला. याहून वेगळं मी लिहिणार नाही. चहा घेऊन, धीर करून दोन्ही वाजवले. दोन्ही खणखणीत.

आज पोस्टात टाकते आहे. यंत्रात घालण्याआधी तुम्हीही वाजवा. दोनदा, मग थांबून एकदा.