तोंड मिटून गाणारी नॅरेल

नॅरेल क्विल्टीनं मरांगा पॉईंट गावातल्या बायकांचे केस आयुष्यभर कापले आणि एकही डोकं धड कापलं नाही. तरी आम्ही तिच्याकडेच जात राहिलो, कारण केस कापताना ती गायची. कात्री थांबायची, गाणं थांबायचं नाही. एकदा माझ्या डाव्या कानाच्या वर कातडी दिसेल इतकं कापलंन आणि वर मलाच म्हणाली, "जोन, तू हललीस." मी मुळीच हलले नव्हते. औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून माझी हयात गेली, मला स्थिर उभं राहता येतं.

शनिवारी संध्याकाळी ती माजी सैनिकांच्या क्लबात गायची. दोन नवरे येऊन गेले, त्यांचं तिला फारसं काही वाटलं नाही. तिला हवी होती एकच गोष्ट. तिनं तोंड उघडलं की लोकांनी काटे-सुऱ्या खाली ठेवून तिच्याकडे बघावं. आणि बघायचे. तो आवाजच तसा होता.

साथीला कॉल डेम्पसीची गिटार. कॉल म्हणजे इस्त्रीशी ओळख नसलेला माणूस, बिअर जास्त झाली की सूरही चुकवायचा. पण वाजवताना त्याचं लक्ष खोलीकडे असे. नाचणारी म्हातारी जोडपी धापा टाकायला लागली की तो लय सैल सोडायचा. नॅरेलचा घसा बसला असेल तर तिला न विचारता एक पट्टी खाली उतरायचा. सहाची काळजीही त्यालाच. सहाला क्लबातले दिवे मंद होतात, आणि हातात ग्लास असो की तोंडात घास, आम्ही सगळे उठून गेलेल्यांची नावं कोरलेल्या भिंतीवरच्या ज्योतीकडे तोंड करतो. लढाईत गेलेल्यांसाठी चार ओळी म्हटल्या जातात, मग शांतता. दिवे परत लागेपर्यंत कुणी हलत नाही. जुगाराच्या यंत्रांपुढचे लोकसुद्धा नाही. गाणं कितीही रंगात आलेलं असो, कॉल ते त्याआधी मिटवायचा.

मग टॅश मॅनेजर म्हणून आली. ही मुलगी आपल्याशी बोलतेय की फोनशी, ते शेवटपर्यंत कळत नाही. दोन माणसं कशाला, असं तिचं म्हणणं पडलं. एका टॅबमध्ये ड्रम, गिटार, व्हायोलिन, सगळं मावतं. कॉलला निरोप दिला, सोबत क्लबचं चित्र छापलेली बिअर गार ठेवायची पिशवी. इतक्या वर्षांच्या साथीची ही किंमत. नॅरेल काहीच बोलली नाही, याची मला जास्त किळस आली. मी तोंडावर तसं म्हटलं, तर म्हणाली, जग पुढे गेलं, जोन.

जग पुढे गेलं म्हणजे काय, तर तिनं दोन्ही कानांत बोळे घातले. त्यांतून तिला टॅबमधले ठोके ऐकू यायचे आणि आम्ही ऐकू येईनासे झालो. समोर कुणी हसलं, रडलं, ग्लास फोडला, तिला पत्ता नाही. शहरातल्या एका माणसाकडून गाणी बसवून घ्यायची, घरूनच त्यांची माळ ओवून आणायची, एक संपलं की दुसरं आपोआप सुरू. ती त्या माळेमागे धावायची. दमलेली जोडपी निमूटपणे खुर्च्यांवर जाऊन बसायची.

त्याच वर्षी तिच्या गळ्यातली गाठ काढली. वरचे सूर जातील असं डॉक्टर म्हणाले होते. महिन्याभरानं ती परत उभी राहिली तेव्हा आवाज पूर्वीपेक्षा खुला लागला, आणि औषधांत जन्म घालवलेली मी गावभर सांगत सुटले की अशी शस्त्रक्रिया कधी पाहिली नाही.

मग एका शनिवारी क्लबातली मांसाचं बक्षीस असलेली लॉटरीची सोडत लांबली. चॉप्स आणि सॉसेजचा भलामोठा ट्रे, आणि ज्याचा नंबर लागला तो बुवा बाहेर सिगरेट ओढत उभा. नंबर परत परत पुकारला. तो आला, ट्रे घेतलान, फोटो काढलान, मगच नॅरेलला गाता आलं. सहाच्या आधी संपेल अशा बेतानं तिनं माळ ओवली होती. कुणी सिगरेट ओढेल हे त्या हिशेबात नव्हतं.

दिवे मंद झाले तेव्हा ती सुट्टीवर घरी निघालेल्या ट्रक ड्रायव्हरच्या गाण्यात होती. तिच्या मामाचं नाव त्या भिंतीवर आहे, लहानपणापासूनची सवय. तिनं तत्क्षणी तोंड मिटलं, माईक खाली केला आणि ज्योतीकडे वळली. आम्ही सगळे उठलो.

आणि गाणं चालूच राहिलं. नुसती वाद्यं नव्हेत, नॅरेल. तिचा गाठीच्या आधीचा, भरदार, वरच्या सुरांतला आवाज. तोंड मिटलेलं, मान खाली, आणि स्पीकरमधून ती ठणठणीत गातेय. मध्ये एक खळखळून हसणं होतं, ड्रायव्हरला बायको दारात दिसते तिथलं. दर शनिवारी मला ते हसणं फार आवडायचं. तेही भरून ठेवलेलं.

छतातल्या स्पीकरमधून रेक्स हॅलोरन त्या चार ओळी म्हणत होता. रेक्स क्लबचा अध्यक्ष, नव्वदीला आलेला. कवळी बसवल्यापासून त्याचाही आवाज भरून ठेवलाय. तो माझ्या शेजारीच उभा होता, ओठ घट्ट मिटून. दोन मिटलेली तोंडं, आणि आमच्या डोक्यावर त्यांचे दोन आवाज एकमेकांवर कुरघोडी करताहेत.

टॅब नॅरेलच्या हाताशी होता. एक बोट लावायचं. पण त्या वेळी कुणी हलत नाही. नॅरेल हलली नाही, बारमागची टॅश हलली नाही, मी हलले नाही. ट्रक ड्रायव्हर घरी पोचला, बायकोला मिठी मारली, आणि आम्ही अख्खा क्लब मान खाली घालून उभे.

दिवे लागले. रेक्स काठी टेकत तिच्यासमोर गेला.

"मेलेल्या पोरांचा तरी मान ठेवायचास, नॅरेल."

"चुकलं माझं," ती म्हणाली. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "रेक्स, ती मी नव्हते. गाठ काढायच्या आधी भरून ठेवलं होतं, तेव्हापासून वरच्या सुरांतलं एकही गाणं मी गायलेलं नाही. नुसते ओठ हलवते."

"त्याच्याशी मला काय करायचंय? सहाला बंद ठेव म्हणजे झालं."

टॅश म्हणाली, पायानं दाबायचं बटण मिळतं, ती मागवून घेईल. टेबलाटेबलांवर थोडा वेळ कुरकुर झाली, ती सगळी शांतता मोडल्याबद्दल. त्यानंतरची कुरकुर चिप्स गार झाल्याची होती.

माझ्या गाडीत बसल्यावर नॅरेलनं पट्टा लावला, सोडला, परत लावला.

"नुसते ओठ हलवल्याचा एकाला तरी राग यायला हवा होता गं."

"मला आलाय."

"तुझा धरत नाही. तुला सगळ्याचाच येतो."

पुढल्या आठवड्यात ती कॉलच्या दारात गेली. त्यानं तिला टोमॅटोच्या वाफ्याशी बराच वेळ उभं करून ठेवलं, आणि ते योग्यच केलं. शनिवारी मात्र तो आला, गिटारच्या तारा त्या बिअरच्या पिशवीत घालून. टॅब होता, पण बंद. बोळे काढलेले. कॉलनं पट्टी बरीच खाली घेतली. आवाज फरशीवरून खुर्ची ओढावी तसा आला, दोनदा फाटला. पण एका संथ गाण्यात ती एका शब्दाशी थांबली, कॉल तिच्याबरोबर थांबला, आणि माझा काटा आपोआप खाली गेला.

मी वळून पाहिलं. काटा खाली ठेवलेली मी एकटी. रेक्सच्या हातातही काटा नव्हता, पण त्याची प्लेट यायची होती.

वाढदिवसाचे फुगे बांधलेल्या टेबलावरून एक बाई उठून पुढे आली. "नॅरेल, नेहमीचं लाव ना गं. हे जरा रडकं वाटतंय." मागून टॅशनं हवेत बोट गोल फिरवलं, लाव म्हणून.

नॅरेलनं कॉलकडे बघितलं. कॉलनं गिटार मांडीवर आडवी ठेवली. तिनं टॅब लावला, माईक स्टँडला अडकवला, पायरी उतरून आली आणि माझ्या शेजारची खुर्ची ओढून बसली. वर नुसता कॉल, हाताची घडी घालून. ट्रक ड्रायव्हर घरी निघाला. फुग्यांच्या टेबलावरचे लोक डुलायला लागले. गाणं संपलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, रिकाम्या माईककडे तोंड करून. नॅरेल आमच्यात बसलीय हे एकाच्याही लक्षात आलं नाही.

तिनं माझ्या प्लेटमधली एक चिप उचलली.

"बाई बरी गाते," ती म्हणाली. "मेली श्वास कुठे घेत नाही पण."

सहा वाजायला आले तेव्हा कॉलनं घड्याळाकडे पाहिलं आणि ते यंत्र बंद केलं. दिवे मंद झाले, आम्ही उठलो. या वेळी छतातून एकटा रेक्सच बोलला.

दिवे लागल्यावर नॅरेल वायरी गुंडाळायला लागली. टॅश आली. जमत नसेल तर तू नको येऊस, तिनं अगदी प्रेमानं सांगितलं, टॅब तेवढा ठेवून जा.

"माझा आवाज आहे तो, टॅश," नॅरेल म्हणाली आणि टॅब कॉलच्या पिशवीत टाकून तिनं चेन ओढली.

पण गाणी बसवून देणाऱ्या शहरातल्या माणसाकडे दुसरी प्रत होती, ती टॅशनं मागवली. क्लबच्या दारावर तिचं पोस्टर अजून आहे, शनिवारी नॅरेल क्विल्टी, प्रत्यक्ष. त्या वेळी ती आणि कॉल माझ्या मागच्या अंगणात असतात, आणि क्लबात खायचे ते चिकन श्निट्झेल मी घरीच तळते.