पोरीचे हात पाहायचेत

कौसल्याबाई गावात बडबडी म्हणून प्रसिद्ध होती, आणि गंमत अशी की तिची निम्मी बडबड तोंडानं नव्हतीच. ती हातांनी बोलायची. थोरली पोरगी उर्वशी जन्मापासून ऐकू न येणारी. पाठीमागं ताट पडलं तरी लेकरू वळून बघत नाही हे लक्षात आल्यावर गावातल्या प्रत्येकानं आपापली वैद्यकी पाजळली. कौसल्याबाईनं सगळ्यांचं ऐकलं, कानात तेल घातलं, यवतमाळच्या डॉक्टरला दाखवलं, एकदा पोटभर रडून घेतलं आणि कामाला लागली. पोरीला ऐकू येत नसेल, पण दिसतं तर चांगलं, एवढाच विचार तिनं केला.

मायलेकींची भाषा कापसाच्या ओळींत तयार झाली. हवेत बोंड खुडलं की कापूस. मिशीला पीळ दिला की बाबा. हनुवटीवरच्या गोंदणाला बोट लावलं की आई. चौकातल्या पुतळ्यासारखं बोट उंच केलं की जय भीम. मांडीवरचं कापसाचं तूस झटकावं तसा हात झटकला की ‘नाही’, आणि छातीवर मूठ ठेवली की ‘हो, मनापासून’. हात बोलायला लागले की वेचणी थांबायची, आणि वावराची मालकीण धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, ओरडायची की हात चालवा. त्यावर कौसल्याबाईचं उत्तर ठरलेलं होतं. हातच तं चालवून राह्यली बाई, म्हणायची.

नवरा पंजाबराव भला माणूस. पोरीवर जीव टाकायचा, पण तिची भाषा काही त्याला आली नाही. पोरीशी बोलायचं झालं की तो बायकोशी बोलायचा आणि बायको पोरीशी बोलायची. इतकी चांगली सोय असताना कोण कशाला शिकतो?

ती वर्षं कापसाच्या हालाची होती. वेचलेला कापूस भावाची वाट बघत घराघरांत पडून असायचा, आणि जिल्ह्यात कॅमेरा यायचा तो रडणाऱ्या बाईच्या शोधात. एकदा शेजारच्या दुःखाच्या घरी चॅनेलवाला आला होता. तिथं बसलेल्या कौसल्याबाईलाच तो म्हणाला, की जरा उंबऱ्यात बसा आणि पदर डोळ्यांना लावा. तिनं त्याला प्यायला पाणी दिलं आणि सांगितलं, "भाऊ, आमी आमच्या टायमानं रडतो. तुमच्या टायमानं नाही." तेव्हापासून कॅमेरा या वस्तूवर तिचा राग होता.

तो राग गेला उर्वशी पुण्याला गेल्यावर. ऐकू न येणाऱ्या मुलींच्या एका संस्थेत ती कॉम्प्युटर शिकायला लागली. तिथल्या वसतिगृहात रविवारी दुपारी मुलींना घरच्यांशी कॅमेऱ्यावर बोलू देत. इकडं आर्णीच्या बसस्टँडसमोर पूनमसिंगचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. पहिल्यांदा पडद्यावर लेक दिसली आणि लेकीनं चौकातल्या पुतळ्यासारखं बोट उंच केलं, तेव्हा कौसल्याबाईनं दुकानातल्या सगळ्यांना सांगितलं की पाहा, जय भीम म्हणून राह्यली. दुसऱ्यांच्या लेकरांना फोन होता. हिच्या लेकराला तो गोल डोळ्याचा कॅमेराच होता.

आता खरी गोष्ट. दसरा झाला आणि बोरी अरब गावचं एक स्थळ उर्वशीला सांगून आलं. मुलगा राजदीप, ऐकता-बोलता, पंचायत समितीत कामाला. त्यानं फोटो पाहून पसंती कळवली होती. घर चांगलं, माणसं ओळखीची. पण त्यांच्याकडं दुसरंही स्थळ चालून आलेलं, म्हणून रविवारी संध्याकाळपर्यंत शब्द द्या असा निरोप होता. पंजाबराव हरखून गेला. बहिऱ्या पोरीला एवढं चांगलं स्थळ पुन्हा दारात येतं का? त्यानं मोबाइलवरून पोरीला मेसेज पाठवला आणि तिचं उत्तर आलं, ‘ठीक’. झालं, म्हणाला, पोरगी हो म्हणते.

कौसल्याबाई काही केल्या ऐकेना. ती म्हणाली, "ठीक म्हनताना तिचे हात कसे होते, ते पाह्याचं हाय मले. त्याबिगर शब्द द्याचा नाही."

नवऱ्यानं कपाळावर हात मारला, पण रविवारी वेचणी सोडून दोघं आर्णीला आली.

पूनमसिंग तांड्यावरचा, उत्साही माणूस. त्यानं मावशीला खुर्ची दिली, पुण्याला व्हिडिओ कॉल लावला आणि पडद्यावर उर्वशी आली. कौसल्याबाईनं बोट उंच केलं. उर्वशी तिकडं नुसती डोळे बारीक करून बघत राहिली. मग तिनं हात हलवले: कुठं आहेस? दिसत नाहीस. पडद्याच्या कोपऱ्यात जिथं आपलं चित्र दिसायचं, तिथं काळा चौकोन होता.

कॅमेऱ्यावरचा निळा दिवा मात्र लागलेला होता, आणि सगळा घोळ त्या दिव्यानं केला. पूनमसिंग म्हणाला, दिवा लागला म्हणजे कॅमेरा चांगला आहे, वायरही चांगली आहे, दोष आत कुठंतरी आहे. मग तो आत शिरला. कॅमेऱ्याचा ड्रायव्हर काढला, परत टाकला. कॉम्प्युटर कॅमेरा ओळखायलाच तयार नव्हता. दुसरा कुठला प्रोग्राम कॅमेरा धरून बसलाय का बघितलं, व्हायरस बघितला. जुन्या सीडीचा गठ्ठा उपसून त्या कॅमेऱ्याची मूळ सीडी शोधली, तीसुद्धा लावून झाली. त्याची बोटं फार भराभर चालत होती आणि तोंडानं ‘आता होते मावशी, आता होते’ चालू होतं. होत काहीच नव्हतं.

या सगळ्या वेळात उर्वशी समोर दिसत होती, हा मोठा छळ होता. लेक आईला शोधत होती, आणि आई तिच्या पुढ्यात बसून हात हलवत होती ते लेकीला दिसत नव्हतं. कौसल्याबाईला ठाऊक असूनही तिचे हात थांबेनात.

शेवटी पंजाबराव पूनमसिंगला म्हणाला की लिहूनच विचार बाबा, तिला वाचता येतं. पूनमसिंगनं लिहिलं: बोरी अरबच्या स्थळाला हो म्हणायचं का? उर्वशीनं वाचलं. थोडा वेळ गेला आणि पडद्यावर उत्तर उमटलं: बाबा म्हणतील ते ठीक.

पंजाबराव समाधानानं उठला, खिशातून मोबाइल काढून दाराकडे निघाला. कौसल्याबाईनं त्याचा हात धरला.

"तिचे हात पाहा," ती म्हणाली. "मनापासून हो म्हनताना ते पोट्टी छातीवर मूठ ठेवते. ठेवली काय?"

पंजाबरावनं वाकून पाहिलं. बहुधा पहिल्यांदाच नीट पाहिलं. उर्वशीचे हात ओढणीच्या काठाशी होते. ती काठ बोटाला गुंडाळायची, सोडायची, पुन्हा गुंडाळायची. पोरीला शाळेत पहिल्यांदा सोडून आलो तेव्हा ती फाटकापाशी असंच करत होती, हे त्याला आठवलं. त्यानं मोबाइल खिशात घातला आणि स्टुलावर बसला. पण लवकर करा म्हणाला, चार वाजता तिकडचा कॉम्प्युटर दुसऱ्या पोरीला देतात.

पूनमसिंगनं पुन्हा माऊस हातात घेतला आणि पुन्हा पडद्यात शिरला. कौसल्याबाईला त्या कारभारातलं ओ की ठो कळत नव्हतं. मुक्या पडद्याकडं बघून करायचं काय, म्हणून तिची नजर इकडंतिकडं फिरायला लागली. मशीन टेबलाखाली लोखंडी पेटीत बंद होतं, समोरच्या तोंडाला दोन फटी. एका फटीत इंटरनेटचं डोंगल, दुसरीत कॅमेऱ्याची वायर. डोंगल आत गच्च बसलं होतं. कॅमेऱ्याच्या वायरीच्या टोकाचा चकचकीत पत्रा मात्र थोडा बाहेर दिसत होता.

"पूनमसिंगभाऊ," ती म्हणाली, "या वायरीची मान बाहेर काहून राह्यली?"

पूनमसिंग खाली वाकला. ढकलून पाहिलं, जाईना. वायर काढली, मोबाइलचा टॉर्च त्या फटीत मारला आणि जमिनीवर फतकल मारून बसला. मग हसायलाच लागला. फटीत तांदूळ होता, चांगला कुंकवानं लाल झालेला.

दसऱ्याला त्यानं वायरी काढून दुकानातल्या मशिनींची पूजा केली होती. झेंडूचे हार, हळदीकुंकू, आणि वर्षभर धंदा नीट चालू दे म्हणून कुंकवात भिजवलेल्या अक्षता मूठभरून टाकलेल्या. त्यातली एक अक्षता नेमकी त्या फटीत जाऊन वाळली. त्यामुळं वायर अर्धीच आत जायची. मग त्यानंच समजावून सांगितलं, की वीज देणाऱ्या पट्ट्या जरा लांब असतात, त्या टेकायच्या म्हणून दिवा लागायचा. चित्र नेणाऱ्या पट्ट्या आखूड, त्या टेकायच्याच नाहीत. दिव्यावर भरवसा ठेवला आणि फसलो, म्हणाला.

"आमच्यात यंत्राले पुजत नाही," पंजाबरावला एवढ्या घाईतही बोलल्यावाचून राहवलं नाही. "पुसते."

"आता पुसतोच काका," पूनमसिंग म्हणाला.

त्यानं मशीन बंद केलं. उर्वशी पडद्यावरून गेली. कौसल्याबाईनं बांगडीत अडकवलेली पिन काढली. वेचायला जाणाऱ्या बायकांच्या बांगडीत ती असतेच, पायातला काटा काढायला. पूनमसिंगनं टॉर्च धरला आणि तिनं तो तांदूळ लेकराच्या पायातल्या काट्यासारखा हळूच टोकरून बाहेर काढला. वायर आत गेली, गच्च, मानेपर्यंत.

मशीन सुरू व्हायला नको तितका वेळ लागला. पण सुरू झालं, पुणं लागलं, आणि कोपऱ्यातल्या काळ्या चौकोनात एक पदर घेतलेली, घाम आलेली बाई दिसली. तिकडं उर्वशी खुर्चीतून अर्धी उठली आणि तिनं हनुवटीला बोट लावलं. आई.

मग दोघींचे हात असे सुटले, की पूनमसिंग आणि पंजाबराव नुसते बघत राहिले. मधेच उर्वशी थांबली. तिनं मिशीला पीळ दिला आणि खुर्चीकडं बोट दाखवलं. कौसल्याबाई उठली.

"ते म्हनते, बाबालेच इचारू द्या. तुमी बसा."

"मले कुठी येते?" पंजाबराव म्हणाला.

"जसं येईन तसं."

तो बसला. त्याचे जाड, तुसानं खरखरीत झालेले हात वर आले आणि तिथंच थांबले. मग त्यानं कसंबसं लेकीकडं बोट केलं, डोक्याला बाशिंग बांधल्यासारखं केलं, आणि दोन्ही तळवे उघडून तिच्यापुढं धरले. मागणारा माणूस धरतो तसे. तुझं काय म्हणणं आहे, हे विचारायला त्याला दुसरं काही येत नव्हतं.

उर्वशीनं त्या तळव्यांकडं पाहिलं. मग तिनं डोळे पुसले आणि अगदी सावकाश, लहान पोराला सांगावं तसं, बापाला सांगितलं. कौसल्याबाई मागं उभी होती, तिनं तोंड उघडलं नाही. उर्वशीनं हात झटकला नाही, छातीवर मूठही ठेवली नाही. तिनं आपल्या डोळ्यांकडं बोट केलं. मग दूर कुणाकडं तरी. मग कॅमेऱ्याकडं. शेवटी दोन्ही हात बोलल्यासारखे हलवून दाखवले.

पंजाबराव वळला. "पोट्टी म्हनते, मी त्याले पाहीन. तो हातानं बोलते का नाही ते पाहीन. मंग सांगीन. बरोबर हाय नं?"

"बरोबर हाय," कौसल्याबाई म्हणाली, आणि तिनं छातीवर मूठ ठेवली.

पंजाबरावनं दुकानातूनच बोरी अरबला फोन लावला. पोरगी नाही म्हणत नाही, म्हणाला, पण आधी ती पोराला बघणार. पुढच्या रविवारी त्यानं आर्णीला यावं आणि कॅमेऱ्यापुढं बसावं. तिकडं काहीतरी कुजबुज झाली. मग फोन मुलाच्याच हातात गेला असावा, कारण पंजाबराव म्हणाला, "हो बाबा, हातानं. येते का? नाही, तं शिकून ये थोडंसं. मी बी शिकूनच राह्यलो."

येतो, म्हणाला मुलगा.

परतीच्या एसटीत पंजाबराव बायकोला विचारत होता, ‘घरी ये’ कसं म्हणतात, ‘दिवाळीले’ कसं म्हणतात. ती दाखवायची, तो करायचा. हात उंच करून ‘घरी ये’ त्यानं एवढ्या मोठ्यांदा केलं, की कंडक्टरनं घंटी वाजवली, गाडी थांबवली आणि विचारलं की काका, उतराचं हाय काय इथं?

"उतराचं नाही, जी," पंजाबराव म्हणाला. "पोरीशी बोलून राह्यलो."