मामूंच्या कॅलेंडरवरचे डाग

बातमी आली तेव्हा मी क्रांती चौकाजवळच्या चष्म्याच्या दुकानात स्टुलावर बसलो होतो. एका डोळ्यावर काळी चकती, समोर अक्षरांचा तक्ता. फोन मिलच्या ऑफिसमधून होता. हमीदमामू सकाळी गेले, झटका आला, दुपारी कब्रस्तानात मिट्टी आहे, येणार का? मी हो म्हणालो. दुकानदार म्हणाला, पुढची ओळ वाचा. मी वाचली. त्याखालचीही वाचली. नंबर वाढलेला नव्हता.

चितेगावच्या कोंबडीखाद्याच्या मिलमध्ये मी लॅब सांभाळतो. मामू मिक्सरवर होते. मका, सोया, तेल, औषधं हे सगळं एकत्र करून खाद्य तयार करायचं काम त्यांचं, आणि ते बरोबर झालं का हे तपासायचं काम माझं. वीस वर्षं आम्ही असं एकमेकांच्या पाठीला पाठ लावून काढली.

कब्रस्तानाबाहेर चहा यायच्या आधीच किस्से सुरू झाले. आमच्याकडं किस्से मिलमधल्या भुश्शासारखे साठतात. रोज झटकतो म्हणून कुणाला दिसत नाहीत. एखादा माणूस गेला की कळतं, केवढा थर होता.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो, नाहीतर हसण्यात राहून जाईल. शेवटचं वर्षभर मामू मिक्सरवर नव्हते. मिक्सिंग खराब होतं असा ठपका ठेवून साहेबांनी त्यांना गेटवर बसवलं होतं. मिक्सिंग खराब नव्हतं, हे मला माहीत होतं. तेवढं एका कागदावर लिहून द्या, एवढंच मामूंनी माझ्याकडं मागितलं होतं.

*

मिलमध्ये इमल्सिफायर पहिल्यांदा आलं ते काचेच्या बरणीतून. टाय लावलेला एक सेल्समन कॅन्टीनमध्ये उभा राहिला. त्यानं बरणीत पाणी घेतलं, वर तेल ओतलं. तेल वर, पाणी खाली. मग चिमूटभर पावडर टाकून झाकण लावलं आणि बरणी खसाखसा हलवली. आत दुधासारखं पांढरं झालं. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून आम्हीही वाजवल्या.

मामू दाराशी उभे होते. त्यांनी विचारलं, "सर, कोंबडीलाबी आसंच हालवायचं का?"

सेल्समन म्हणाला, नाही, आतड्यात ते आपोआप होतं.

"मंग बरंय," मामू म्हणाले. "एकेका शेडात धा-धा हजार हायत."

पावडरीवर माझा राग नाही. अंड्यातून निघालेल्या पिल्लाच्या पोटात सुरुवातीला पित्त पुरेसं तयार होत नाही. पित्ताचं काम तेलाचे बारीक बारीक थेंब करायचं. ते झालं नाही तर तेल पचत नाही, पिल्लाच्या पोटातून तसंच बाहेर पडतं. ही पावडर त्या कामाला हातभार लावते. ती जेवढं करते तेवढंच सांगते. तिच्याभोवती जमलेल्या माणसांबद्दल मला असं म्हणता येत नाही, आणि त्या माणसांत मीही आलो.

*

साहेबांना शब्द आवडला की तो लगेच छापून हवा असतो. इमल्सिफायर हा शब्द त्यांना इतका आवडला, की पावडरीची पहिली ऑर्डर जायच्या आधी गोण्या छापून आल्या. हिरव्या अक्षरांत, 'आता इमल्सिफायरसह'. जुन्या गोण्या संपल्या होत्या. पावडरीची ऑर्डर अजून जायची होती. महिनाभर आम्ही जुनंच खाद्य नव्या गोण्यांत भरलं.

मामूंनी एक गोणी उलटी करून आतून बघितली. मी विचारलं, काय बघताय? म्हणाले, "आतल्या अंगानं कुटं पावडर लावलीय का ते बघतो."

महिना संपता संपता बिडकीनकडच्या एका शेतकऱ्याचा फोन आला. नवीन माल एक नंबर आहे म्हणाला, पक्ष्यांची पचनशक्ती लई सुधारली. साहेबांनी फोन स्पीकरवर टाकून सगळ्या ऑफिसला ऐकवला. नंतर मला आत बोलावून दार लावलं आणि गंभीरपणे विचारलं, "मग पावडर खरंच मागवायची का?"

*

मामूंची तपासायची पद्धत वेगळी होती. माझ्या लॅबमध्ये खाद्यातलं तेल मोजायला ईथर लागायचं, काचेची नळकांडी लागायची, अर्धा दिवस जायचा. मामू बॅच निघाली की चिमूटभर खाद्य घ्यायचे आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर, त्या तारखेच्या चौकोनात, अंगठ्यानं दाबायचे. कागदावर तेलाचा डाग पडायचा. पान उजेडाला धरलं की डागातून पलीकडचं दिसायचं. डाग बरोबर तर बॅच बरोबर. माझा आकडा संध्याकाळी यायचा आणि मामूंच्या डागाला दुजोरा द्यायचा.

साहेबांना ते कॅलेंडर गलिच्छ वाटायचं. पाहुणे येणार असले की ते उलटं टांगायचा हुकूम व्हायचा. मामू निमूटपणे उलटं टांगायचे. मागच्या बाजूनं डाग जास्तच उठून दिसायचे.

*

मग ट्रायल झाली. पैठण रोडवरच्या एका शेतकऱ्याचे दोन शेड घेतले. एकाला पावडरीचं खाद्य, दुसऱ्याला साधं. वजनाच्या दिवशी सेल्समन म्हणाला, पक्षी मी स्वतः पकडतो, उगाच पक्षपात नको. त्यानं मामूंना विचारलं, पावडरीचं शेड कुठलं? मामूंनी हात करून दाखवलं.

तो आत गेला आणि एकेक गुबगुबीत पक्षी निवडून बाहेर आला. दुसऱ्या शेडमधून निघाले ते पाय ओढणारे, पंख गळालेले. काट्यावर पावडर दणदणीत जिंकली. त्यानं मामूंचासुद्धा हात हातात घेतला.

परतताना टेम्पोत मामू माझ्या शेजारी बसले होते. मग म्हणाले, "सर, पावडर लई पावरफुल हाय. ज्यांनी खाल्ली नाय त्यांचंबी वजन वाढलं."

मला आधी कळलं नाही. मामूंनी त्याला उलटं शेड दाखवलं होतं. त्यानं धष्टपुष्ट म्हणून निवडले ते सगळे साध्या खाद्यावरचे होते. चितेगाव येईपर्यंत मी हसत होतो, डोळ्यांना पाणी येईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी ट्रायलचा रिपोर्ट टाइप होऊन आला. मी सही केली. तो साहेबांच्या केबिनमध्ये फ्रेम करून लावलेला आहे. खाली उजव्या कोपऱ्यात माझं नाव स्वच्छ वाचता येतं.

*

साहेबांनी एक सल्लागारही ठेवले होते. ते पुण्याहून व्हिडिओ कॉलवर सल्ला द्यायचे. मिलला ते कधी आले नाहीत. एकदा पिल्लांची विष्ठा तेलकट पडतेय अशी तक्रार आली. सल्लागार म्हणाले, फोटो पाठवा, जवळून काढलेले, चार-पाच तरी हवेत. मामूंनी काढून साहेबांना दिले. साहेबांनी ते पुढं पाठवले आणि जेवायला गेले.

सल्लागारांचं उत्तर काही येईना. तासाभरानं कळलं, फोटो साहेबांच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेले होते. तिथं त्यावर अकरा अंगठे आणि तीन नमस्कार आले होते. एका काकूंनी रेसिपी मागितली होती.

मामूंनी ऐकलं आणि एवढंच म्हणाले, "त्यांनी तरी बघितलं."

*

पुढचा किस्सा मिलमध्ये कुणी हसत हसत सांगत नाही. मीच सांगतो.

पावडर विकणाऱ्याचं म्हणणं असतं, पावडर टाकली की तेल चांगलं पचतं, म्हणून फॉर्म्युल्यातलं थोडं तेल कमी केलं तरी चालतं. हे बेतानं केलं तर खरंही आहे. पण साहेबांकडं दुसऱ्या कंपनीचा माणूस आला, दुसरी पावडर घेऊन. तोही तेच म्हणाला. साहेबांनी दोन्ही पावडरी घेतल्या. पहिलीच्या नावानं तेल कमी केलं आणि दुसरीच्या नावानं पुन्हा कमी केलं.

मी म्हणालो, साहेब, दोघींचं काम एकच आहे, तेल दोनदा कमी करता येणार नाही. साहेबांनी विचारलं, म्हणजे एवढ्या मोठ्या दोन कंपन्या खोटं बोलतात? फॉर्म्युला मीच कॉम्प्युटरवर टाइप केला. खाली सही माझी.

मामूंच्या कानावर गेलं तेव्हा ते म्हणाले, "दोन दोन टॉनिक घेतलं म्हणून कुणी जेवन सोडतंय का?"

महिन्याभरात तक्रारी सुरू झाल्या. पक्षी मागं पडले, खाल्लेलं अंगी लागेना. साहेबांनी मीटिंग बोलावली आणि कारण शोधलं. कॉम्प्युटर चुकत नाही. पावडरी तर दोन दोन आहेत. म्हणजे राहिलं मिक्सिंग. मामूंना त्याच दुपारी गेटवर पाठवलं. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायचं काम दिलं.

संध्याकाळी मामू लॅबमध्ये आले. काखेत कॅलेंडर होतं. त्यांनी ते माझ्या टेबलावर पसरलं. एका तारखेपर्यंत टपोरे डाग होते, आणि त्यानंतर सगळे बारके, फिकट.

"मिक्सिंग बिघडलं आसतं तर एक डाग मोठा आन् एक बारका आला आसता," ते म्हणाले. "हे समदेच सारखे बारके हायत. मिक्सर नीट फिरला. तेलच कमी पडलंय."

मी म्हणालो, हो.

"मंग एवढंच एका कागदावर लिहून द्या. माझं कुणी ऐकनार नाय. तुमचं साहेब वाचतेत."

"देतो," मी म्हणालो.

ते लिहायचं म्हणजे फॉर्म्युला चुकला असं लिहायचं, आणि फॉर्म्युल्यावर सही माझी होती. त्या आठवड्यात मी लिहिलं नाही. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या पावडरीचा पुरवठा बंद झाला. त्या निमित्तानं मी कॉम्प्युटरवर तेल पूर्वीइतकं करून टाकलं. कुणाला बोललो नाही. मला वाटलं, चूक सुधारली, आता सगळंच सुधारेल.

पक्षी सुधारले. वजनं परत आली. साहेबांनी ताबडतोब ओळखलं की हे नव्या मिक्सर ऑपरेटरमुळं झालं. कॅन्टीनमध्ये त्याला शाल आणि नारळ देऊन सत्कार केला. मामूंचंच मिक्सिंग खराब होतं, हे आता मिलमध्ये सगळ्यांनाच पटलं. त्या सत्काराला मी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर रोज सकाळी मी मुकुंदवाडीहून स्कूटरवर यायचो. मामू गेटवर उठून उभे राहायचे, सलाम करायचे, माझ्या गाडीचा नंबर वहीत लिहायचे. चिठ्ठीचं त्यांनी पुन्हा काढलं नाही. मी वेग कमी करायचो, कसं काय मामू म्हणायचो. ते म्हणायचे, "बरंय सर." वर्षभर आमचं एवढंच बोलणं झालं.

*

शोकसभा कॅन्टीनमध्ये झाली. त्याच दिवशी एका नव्या पावडरीचं प्रेझेंटेशन आधीच ठरलेलं होतं. एकदाच सगळे जमतील म्हणून साहेबांनी दोन्ही एकत्र घेतलं. पुढच्या टेबलावर मामूंचा फोटो, शेजारी काचेची बरणी, तेलाची बाटली आणि पाण्याचा जग. सेल्समननं फोटोला हार घालायला हात लावला.

मामींना खास बोलावलं होतं. त्या पहिल्या रांगेत माझ्या शेजारी बसल्या. बसल्या बसल्या त्यांनी पिशवीतून गुंडाळी काढून माझ्या मांडीवर ठेवली. कॅलेंडर होतं.

"तुमच्यासाठी जपून ठिवलं होतं त्यांनी," मामी हळूच म्हणाल्या. "म्हणायचे, चिठ्ठी लिहायला बसले की सर मागतीन."

साहेब बोलायला उठले. चांगलं बोलले. म्हणाले, आज बाजारात आपल्या खाद्याचं जे नाव आहे ते हमीदमामूंच्या हातामुळं आहे. वीस वर्षांत त्या माणसानं एक बॅच खराब काढली नाही. असं मिक्सिंग मी उभ्या महाराष्ट्रात बघितलं नाही.

लोकांनी माना हलवल्या. नव्या ऑपरेटरनंही हलवली.

मामी उठून उभ्या राहिल्या. पदर नीट केला. आवाज जराही चढवला नाही.

"मंग साहेब, त्यांना गेटवर कशापायी बसवलं होतं?"

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मग सगळ्यांनीच बघितलं. मामीही माझ्याकडंच बघत होत्या. सेल्समनला वाटलं सभा संपली. त्यानं बरणीत पाणी ओतलं, वर तेल ओतलं आणि हलवायला लागला.

कॅलेंडर माझ्या टेबलाच्या खणात आहे. चिठ्ठी मी अजून लिहिलेली नाही.